धरणगावची छावणी आणि खानदेशातील भिल्ल पलटण : एक पुनर्विचार

धरणगाव म्हटले की मराठीच्या प्राध्यापकांस बालकवी आठवतात. १८९० साली त्यांचा जन्म याच गावी झाला. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र जळगाव जिल्ह्यातील या लहान शहराकडे निराळ्या कारणाने पाहावे लागते. इंग्रजांनी १६७४ मध्ये येथे वखार घातली होती, आणि १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या अवघ्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटने येथेच भिल्ल पलटण उभारावयास प्रारंभ केला.

१८१८ मध्ये खानदेश कंपनीच्या ताब्यात आला, तेव्हा होळकरी धामधूम व दुष्काळ यांनी हा मुलूख उजाड झालेला होता. घाटांच्या राखणीबद्दल मिळणारे आपले परंपरागत हक्क बुडाले, ही भिल्ल नाईकांची तक्रार होती. कंपनीने आरंभी बळाचा वापर केला. तो फसल्यावर १८२५ मध्ये तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. नंदुरबार-सुलतानपूरचा प्रदेश त्यांपैकी वायव्य एजन्सीत मोडत असे. पलटणीची कल्पना गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी उचलून धरली. परंतु भरतीस भिल्ल पुढे येत ना. आउट्रमला प्रथम मिळाले ते केवळ नऊ जण.

आउट्रमने भिल्लांसमवेत शिकार केली, त्यांच्यात मिसळून विश्वास संपादन केला, असे त्याचे चरित्रकार आवर्जून सांगतात. ते खोटे नव्हे. परंतु प्रस्तुत लेखकास हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. ज्याचा हक्क बुडाला आणि ज्याच्यामागे फौज लागली, त्याला नियमित पगार व अभय यांचे मोल किती असेल, हा विचार आधी करावयास हवा. त्या नऊ जणांच्या बाजूने ही भरती म्हणजे निष्ठा नसून तडजोड असणे अधिक संभवते.

या तडजोडीची खरी किंमत १८५८ मध्ये दिसली. सेंधवा घाटाच्या राखणीवर पूर्वी कंपनीच्याच चाकरीत असलेला खाज्या नाईक बंडात उतरला होता. ११ एप्रिल रोजी आंबापाणी येथे कंपनीच्या फौजेशी भिल्लांची लढाई झाली आणि त्या फौजेत भिल्ल पलटणही होती. नंदुरबार जिल्ह्यात हा भाग शिकविताना एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, मग आपले लोक कोणत्या बाजूला होते?” दोन्ही बाजूंना, एवढेच मी सांगू शकलो.

आउट्रम १८६३ मध्ये मरण पावला व लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्याचे दफन झाले. धरणगावची पलटण पुढे पोलीस दलात विलीन करण्यात आली.