खानदेशच्या कड्यांचा अभ्यास : भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची वाटचाल

थॉमस ओल्डहॅम मार्च 1851 मध्ये कलकत्त्यात रुजू झाले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची पायाभरणी झाली. त्यांच्याआधी हे काम पाहणारे डेव्हिड विल्यम्स 1848 मध्ये रानातल्या तापाने दगावले होते. आरंभी कोळशाचा शोध हेच मुख्य काम होते. यथावकाश संस्थेची पावले दख्खनकडे वळली.

विल्यम ब्लॅनफर्ड यांनी तापी आणि नर्मदेच्या खालच्या खोऱ्यांची पाहणी करून 1869 मध्ये विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. खानदेशच्या खडकांचा पद्धतशीर अभ्यास येथून मार्गी लागला. मात्र खडकांचे वय सांगणारी साधने तेव्हा नव्हती. हे लाव्हाचे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, हे पुढच्या शतकातील प्रयोगशाळांनी दाखवून दिले.

दरम्यान कड्यांचा उलगडा होत गेला. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना सातमाळ्याची भिंत समोर येते. तिच्यात घट्ट काळा पाषाण आणि पोकळ्यांचा मऊ खडक आलटून पालटून दिसतात. पावसाने मऊ थर आधी झिजतो, वरच्या पाषाणाचा आधार सुटतो आणि उभ्या भेगांतून त्याचे चिरे निखळतात. कडा उभाच राहतो, पण हळूहळू मागे सरकतो. धुळ्याच्या परिसरात भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या भिंती भोवतालचा खडक झिजल्यावर लांबच लांब कण्यांसारख्या वर उरल्या.

उत्तरेकडची कथा वेगळी आहे. यावल-रावेरच्या माथ्यावर सातपुडा एकदम उठतो, कारण तेथे भूकवचात मोठे प्रस्तरभंग आहेत. डोंगराची बाजू वर राहिली, तापीचे खोरे खचले आणि पायथ्याशी गाळ-गोट्यांचा जाड पट्टा साचला. या पट्ट्यात मुरणारे पाणी केळीच्या बागांना आधार देते. 14 मार्च 1938 च्या सातपुडा भूकंपाने हा प्रदेश पूर्ण निवांत नसल्याची जाणीव करून दिली.

1951 मध्ये संस्थेने शंभरी गाठली आणि त्याच वर्षी एम. एस. कृष्णन पहिले भारतीय संचालक झाले. सोन-नर्मदा-तापी पट्ट्याच्या सखोल अभ्यासाचा ग्रंथ 1995 मध्ये निघाला. तळपत्या उन्हात हातोडी घेऊन हिंडलेल्या असंख्य सर्वेक्षकांचे आणि त्यांना वाटा दाखवणाऱ्या गावकऱ्यांचे श्रम त्यामागे आहेत. आज संस्थेचे नकाशे 'भूकोश' या संकेतस्थळावर सर्वांना खुले आहेत. विहीर, रस्ता किंवा धरण आखताना खानदेशाने ते आवर्जून पाहावेत.