गळाला काय लावायचं? नऊशे वर्षांचा जुना प्रश्न

गेल्या डिसेंबरात मी एक मूर्खपणा केला, आजचा एपिसोड त्यातूनच आलाय. यूट्यूबवर एक अमेरिकन माणूस गारठलेल्या तळ्यातून बास मासा कसा काढायचा ते दाखवत होता. मी लगेच ऑनलाइन चकचकीत प्लास्टिकचा खोटा मासा मागवला आणि पहाटे पुलगावला वर्धा नदीवर जाऊन बसलो. आता बास हा उत्तर अमेरिकेतला मासा. आपल्याकडे मरळ, शिंगाडा, वाम, रोहू. हाती काय लागणार? काहीच नाही.

शेजारी गळ टाकून बसलेले एक ढिवर काका बराच वेळ गंमत बघत होते. शेवटी म्हणाले, "बापू, थंडीत मासा धावत नाही. त्याच्या तोंडाजवळ नेऊन ठेवा लागते. तुमचं खेळणं लयच पळते."

घरी येऊन वाचलं, तर काका बरोबर होते. पाणी गार झालं की माशाचं अंगही गार होतं, पचन मंदावतं, मग तो भक्ष्याचा पाठलाग करत नाही. म्हणून अमेरिकेतले लोकही थंडीत बाससाठी लहान आमिष वापरतात आणि ते तळाशी हळूहळू ओढतात. व्हिडिओत हे सांगितलं होतं बहुतेक. मी पुढे ढकललं असणार!

मग इतिहास शोधत बसलो. चमच्यासारख्या चकाकत्या गळाचं पेटंट अमेरिकेत ज्युलिओ ब्युएल यांनी 1852 मध्ये घेतलं. 1873 मध्ये मद्रास इलाख्यातले इंग्रज अधिकारी एच. एस. थॉमस यांनी भारतातल्या गळाच्या मासेमारीवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात महासीर माशाला मोठा मान आहे. मला वाटलं, विषय सुरू होतो तो इथेच.

पण नाही. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा. त्याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ 1130 च्या आसपासचा. मराठी साहित्य शिकलेल्यांना तो 'अभिलषितार्थचिंतामणी' या नावाने आठवेल, कारण त्यात जुन्या मराठीचे नमुने आहेत. त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे. मासे कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कोणाला पिठाचे गोळे घालायचे, कोणाला मांस, दोरी-काठी कशी असावी, सगळं त्यात आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये त्यावर लेख लिहून ते अभ्यासकांपुढे आणलं.

राजा हौसेने गळ टाकत असेलही. पण कुठला मासा काय खातो, ही माहिती रोज पाण्यावर असणाऱ्यांकडूनच दरबारात गेली असणार, असं मला वाटतं. ग्रंथावर नाव मात्र राजाचं.

पुढच्या रविवारी पुन्हा पुलगावला गेलो. काकांनी साध्या गळाला गांडूळ लावून दिलं, "आता हात हलवू नका" म्हणाले. बोटाएवढा मासा मिळाला, तो सोडून दिला. काकांचा मुलगा नागपूरला नोकरीला आहे, त्याला माशांची नावं येत नाहीत. मी फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं. काकांनी एका दमात अकरा नावं आणि प्रत्येकाचं खाणं सांगितलं. त्यातली चार नावं मला अजून कुठल्याच पुस्तकात सापडलेली नाहीत.