शाकारणीचा लोप

ठाणे-कल्याणकडील जुन्या घरांची दुर्दशा वर्णिताना लोक भिंतींचे पोपडे दाखवितात. आमच्या मते दृष्टी प्रथम आढ्याकडे न्यावयास हवी. सुमारे 100 इंच पाऊस झेलणाऱ्या या प्रांतात घराचा नाश बहुधा वरूनच सुरू होतो, आणि त्याला एका जुन्या चालीचा लोप कारण झाला आहे.

पूर्वी छपरावर कुंभाराने घडविलेली अर्धगोल नळ्याची कौले असत. खाली शहापूर-मुरबाडकडील सागाचे वासे आणि त्यांवर रिपा किंवा बांबूच्या कामट्या. कौले केवळ स्वभाराने बसत; मांजरे, कावळे व वानरे ती सहज हलवीत. म्हणून दर वैशाखात शाकारणी करावी लागे. कौले उतरली म्हणजे घराचा सांगाडा उघडा पडे; कुजलेली रीप, वाळवी लागलेला वासा लागलीच नजरेस येई आणि अल्प खर्चात बदलला जाई. घराची ही वार्षिक परीक्षाच होती, आणि आम्हां प्राध्यापकांच्या परीक्षांहून ती अधिक प्रामाणिक असे!

आगगाडी 1853 साली ठाण्यास व 1854 साली कल्याणास आली. पुढे 1865 साली बासेल मिशनने मंगळुरास यंत्रावर कौले काढण्याचा कारखाना घातला. ही चपटी, एकमेकांत अडकणारी कौले समुद्रमार्गे मुंबईकडे येऊ लागली. ती हलत नाहीत, तेव्हा दरसाल चाळावयास नकोत. कौल निर्दोषच, परंतु सोयीबरोबर वर जाऊन पाहण्याची सवयही गेली. त्यातच सधन गृहस्थांनी कौलांखाली फळ्या ठोकून घेतल्या. छत शोभिवंत झाले खरे, पण कौल आढ्यापाशी फुटावे, पाणी फळीवरून ओघळत जावे आणि थेंब मात्र दूर कोपऱ्यात पडावा, असे होऊ लागले. मधली फळी, रीप आणि भिंतीत रुतलेले वाशाचे टोक वर्षानुवर्षे गुपचूप कुजत राहिले.

त्यावर 1947 चा भाडेनियंत्रणाचा कायदा आला. प्रमाणभाडे 1940 च्या सप्टेंबरातील दरास बांधले गेले. मालक म्हणे, या भाड्यात कौलेसुद्धा येत नाहीत. भाडेकरू म्हणे, परक्याच्या घरावर आम्ही का खर्चावे? दोघांचेही म्हणणे अंशतः खरे, आणि छपराचा वाली कोणीच नाही! 1999 चा नवा कायदा 2000 साली अंमलात येईपर्यंत कित्येक आढी वाकून गेली होती.

आता त्यांवर प्लॅस्टिकचे कापड अंथरतात. गळती तात्पुरती थांबते, परंतु आतील दमट हवा कोंडून लाकूड वाळत नाही आणि बुरशीचे फावते. कल्याणच्या पारनाक्याकडे किंवा ठाण्याच्या चेंदणीत ज्यांची कौलारू घरे अद्याप उभी आहेत, त्यांनी पावसाळ्यापूर्वी जाणत्या सुताराकडून आढ्यापाशी व वळचणीस चार-चार कौले उचलवून घ्यावीत आणि रिपेत चाकूचे टोक दाबवून पाहावे. ते सहज आत शिरले, तर ती रीप त्याच आठवड्यात बदलावी.