झिंगे, खेकडे आणि श्रीवर्धनची चाची

मुसलमानांचं खाणं म्हटलं की बिर्याणी, कबाब आणि शीरखुर्मा एवढंच लिहायची सवय आपल्याकडे पडली आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या आम्हा लोकांचं रोजचं ताट ज्वारीच्या भाकरीचं आणि ठेच्याचं. पावसाळ्यात त्यात झिंग्यांची भर पडे. त्याचा इतिहास मात्र कुणी लिहिला नाही.

दरबारी इतिहास हवा तेवढा आहे. १४९० साली फतहउल्ला इमादुल्मुल्कने वऱ्हाडात इमादशाही स्थापली, १५७४ ला ती अहमदनगरने गिळली, १५९६ ला मोगल आले. १७२४ साली आमच्याच साखरखेर्ड्याला निजामुल्मुल्कने मुबारिजखानाचा पराभव करून दख्खन हाती घेतली. आईन-ए-अकबरीत मेहकर सरकार आहे, लोणारही आहे. तिथल्या क्षारांची किंमत बादशाही कारकुनांना ठाऊक होती. ओंजळभर झिंगे रांधणाऱ्या बाईची नोंद कोण घेणार?

समुद्र आम्हाला दोन्हीकडून दूर. अजिंठ्याच्या डोंगराच्या उत्तरेचं पाणी पूर्णेतून तापीला आणि पुढे अरबी समुद्राला जातं; दक्षिणेचं पैनगंगा, खडकपूर्णेतून गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराला. आमचे झिंगे-खेकडे या नद्यांतले, गोड्या पाण्याचे. पहिल्या पावसात खेकडे बिळांतून बाहेर पडत आणि भोयांच्या बायका टोपली घेऊन दारात येत.

पण दारापासून चुलीपर्यंतचा रस्ता सरळ नव्हता. आम्ही बहुतेक हनफी. इमाम अबू हनिफांच्या (मृत्यू इ. स. ७६७) मसलकात पाण्यातल्या जिवांपैकी फक्त मासा हलाल. खेकडा तिथेच बाद झाला. झिंग्याचं काय? प्राणिशास्त्र त्याला मासा मानत नाही. जुन्या अरबी कोशकारांनी मात्र त्याला मासा म्हटलं होतं, चौदाव्या शतकातल्या मिसरच्या दमीरीने ‘हयातुल हयवान’मध्ये तेच नोंदवलं, आणि त्या आधारावर मौलाना अशरफ अली थानवींनी (१८६३-१९४३) झिंगा जायज ठरवला. इतर काही आलिमांना न खाणंच बरं वाटलं. त्यामुळे एकाच गल्लीत एका घरी झिंगा शिजे, शेजारी शिजत नसे. कोकणात हा प्रश्नच नाही. अरब व्यापाऱ्यांबरोबर तिथे शाफई मसलक रुजला; माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२-१४३१) शाफईच. त्यांच्यातले अनेकजण खेकडाही हलाल मानतात.

हा इतिहास आम्हाला कळला तो चाचीमुळे. चाचा मुंबईला नोकरीला होते, चाची श्रीवर्धनची. लग्नानंतरच्या पहिल्या मृगात तिने दारातून हौसेने डझनभर खेकडे घेतले. दादी उंबरठ्यावर उभी राहिली. “हमारे घर में ये नहीं पकता, बेटी.” चाची काही बोलली नाही, पण दोन दिवस नीट जेवलीही नाही. शेवटी दादांनी मौलवीसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, तिच्या मसलकात हलाल आहे तर तिला रोखणारे आपण कोण? भांडं तेवढं वेगळं ठेवा.

दादीने एक जुना जर्मनचा गंज काढून दिला, मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली. चाचीने खेकडे स्वच्छ धुतले, नांग्या ठेचल्या. मीठ, हळद, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, वर झाकण. पाणी खेकड्याचं स्वतःचंच. उतरवताना सांभार. खोबरं नाही, काळा मसाला नाही. आम्ही पोरं वासावर घिरट्या घालत होतो. आम्हाला काही मिळालं नाही, याची खंत अजून आहे.

पुढच्या आठवड्यात दादीने झिंगे आणले आणि कुणाला न सांगता तसेच केले. तोवर आमच्याकडे झिंगे मसाल्यात बुडवून करत, इतके की झिंगा आहे की बटाटा कळू नये. त्या दिवशी आम्हाला झिंग्याची गोडी पहिल्यांदा कळली.

तो गंज दादीने शेवटपर्यंत घरात घेतला नाही. पण दर मृगाला चाचीच्या आधी उठून, राखेने घासून, ती तो मागच्या चुलीजवळ पालथा घालून ठेवी.