सीमेवरच्या वर्गातील कविता

सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा जत तालुका कर्नाटकाला लागून आहे. येथील अनेक घरांत कन्नड बोलली जाते. तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. त्यामुळे येथील साहित्याच्या वर्गात कवितेचा इतिहास शिकविताना तो केवळ एका भाषेचा राहत नाही.

मराठी काव्येतिहासाचा परिचित क्रम असा: १२९० मधील ज्ञानेश्वरीची ओवी, संतांचा अभंग, मोरोपंतांची (१७२९–१७९४) आर्या, शाहिरांची लावणी व पोवाडा, केशवसुतांची (१८६६–१९०५) आधुनिक कविता आणि कवी अनिलांनी (१९०१–१९८२) रुजविलेला मुक्तछंद. आर्या मात्रांवर चालते, तर अभंग अक्षरसंख्येवर. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत अनुक्रमे सहा, सहा, सहा व चार अक्षरे असतात. हे गणित बोटांवर मोजता येते आणि टाळांच्या ठेक्यावर ऐकूही येते.

जतलगतचे मंगळवेढे या इतिहासाला दुसरी बाजू जोडते. बाराव्या शतकात ते कलचुरी राजा बिज्जलाचे ठाणे होते आणि बसवेश्वरांनी तेथे काही काळ सेवा केली, अशी परंपरा आहे. संत चोखामेळा यांचे वास्तव्य आणि गावकुसाची भिंत कोसळून झालेला त्यांचा मृत्यूही याच गावचा. त्याचे साल १३३८ मानले जाते. बसवेश्वरादी शरणांची कन्नड वचने आणि वारकऱ्यांचे अभंग ही दोन्ही बोलभाषेतील भक्तिकविता असून जातिभेदाला प्रश्न विचारणारी आहे. भेद रचनेत आहे. अभंगाच्या शेवटी बहुधा कवीचे स्वतःचे नाव येते. वचनाच्या शेवटी कवीच्या आराध्य दैवताचे. अभंग अक्षरे मोजतो, तर वचन छंदाचे बंधन मानत नाही. म्हणजे मराठीत विसाव्या शतकात आलेल्या मुक्तछंदासारखी मोकळीक शेजारच्या भाषेत आठशे वर्षांपूर्वी रूढ होती.

२०२२ मध्ये कर्नाटकाच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या वक्तव्याने जतची सीमावर्ती गावे पुन्हा वादात सापडली. त्या वादात भाषेची बाजू घ्यावी लागते. कवितेच्या वर्गात ती घ्यावी लागत नाही. मात्र पाठ्यपुस्तकातील कवितेचा इतिहास एकाच भाषेपुरता शिकविला, तर घरी कन्नड बोलणाऱ्या विद्यार्थ्याला तो परका वाटतो आणि केवळ परीक्षेपुरता उरतो. अभंगाशेजारी एक वचन ठेवले, की हाच विद्यार्थी वर्गाला उच्चार व अर्थ सांगू लागतो.