अर्णव (नाव)

अर्णव हे मुलांसाठी ठेवले जाणारे संस्कृतोद्भव पुल्लिंगी विशेषनाम असून त्याचा अर्थ 'समुद्र' असा आहे. अलीकडच्या दशकांत मराठी कुटुंबांत ते विशेष रूढ झाले आहे.

व्युत्पत्ती व अर्थ

'अर्णस्' (पाणी, लाट, प्रवाह) या संस्कृत शब्दास 'व' हा तद्धित प्रत्यय लागून आणि अंत्य सकाराचा लोप होऊन 'अर्णव' हे रूप सिद्ध होते. 'केश' शब्दापासून 'केशव' साधणारा प्रत्ययही हाच होय. ऋग्वेदातील अघमर्षण सूक्तात (१०.१९०) हा शब्द समुद्राचे विशेषण म्हणून येतो, तेथे त्याचा अर्थ 'उसळणारा' असा आहे. पुढे तो समुद्रवाचक नाम बनला व अमरकोशात समुद्राच्या पर्यायांत समाविष्ट झाला. त्यामुळे या नावाचा मूळ भाव निश्चल जलाचा नसून लाटांच्या गतीचा आहे. मराठीत 'भवार्णव' या सामासिक शब्दातून तो पूर्वीपासून परिचित आहे.

सिंधुदुर्ग परिसरातील संदर्भ

मालवणजवळील कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधावयास घेतलेल्या सिंधुदुर्गाच्या नावातही समुद्रवाचक शब्दच आहे. १ मे १९८१ रोजी स्थापन झालेल्या जिल्ह्यास या किल्ल्याचेच नाव मिळाले. किनाऱ्यावरील नित्याच्या बोलण्यात समुद्राला 'दर्या' म्हणतात. मुलाच्या नावासाठी मात्र संस्कृत पर्याय निवडले जातात. 'रत्नाकर' व 'सागर' ही आधीच्या पिढ्यांतील नावे याच अर्थाची असून 'अर्णव' हा त्याच परंपरेतील नवा दुवा ठरतो.

लोकप्रियतेची कारणे

नाव तीन अक्षरी व उच्चारास सोपे आहे. ते कोणत्याही एका देवतेशी अथवा पंथाशी बांधलेले नाही. अवकहडा चक्रानुसार 'अ' हे कृत्तिका नक्षत्राच्या पहिल्या चरणाचे अक्षर असल्याने जन्माक्षर पाळणाऱ्यांनाही ते चालते. आजोबांचे किंवा कुलदैवताचे नाव नातवास ठेवण्याची कोकणातील जुनी रीत अशा नव्या नावांमुळे मागे पडते. काही घरांत बारशाला जुने नाव पाळण्यातले म्हणून ठेवून व्यवहारात नवे नाव वापरले जाते व दोहोंचा मेळ साधला जातो.

लेखन

'अर्नव' हे लेखन अशुद्ध होय. मूळ शब्दात मूर्धन्य 'ण' असल्याने 'अर्णव' असेच लिहावे. जन्मनोंदणीच्या वेळी झालेली चूक पुढे शाळेच्या दाखल्यातही उतरत असल्याने ही दक्षता महत्त्वाची ठरते. मुलींसाठी 'अर्णवी' हे रूप प्रचारात आहे.