बुंगारीला लुमहोल्ट्झचे नाव कसे पडले?

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात, केर्न्स शहराजवळच्या अॅथर्टन पठारावर, पर्यटक पैसे मोजून रात्रीच्या वर्षावनात जातात. पुढे गाइड टॉर्चचा झोत उंच फांद्यांवर फिरवत चालतो. निशाचर प्राण्यांच्या डोळ्यांत आरशासारखा थर असतो, म्हणून अंधारात दोन ठिपके चमकतात. त्या चमकेवरून आणि हालचालीवरून हा कोणता पोसम, हा झाडावर राहणारा कांगारू, हे गाइड सांगतो. पर्यटक पैसे देतात ते या जाणत्या नजरेचे. या जंगलात ही नजर सर्वात आधी कोणाकडे होती आणि त्या माणसांच्या पदरात काय पडले, हा आमचा प्रश्न आहे.

यिदिनजी, न्गाजोन, जिरबाल, गिरामाय हे या वर्षावनाचे मूलनिवासी. वेताचा फास करून उंच, गुळगुळीत खोडांवर चढण्यात ते वाकबगार होते. १८८० साली कार्ल लुमहोल्ट्झ नावाचा नॉर्वेचा संशोधक ऑस्ट्रेलियात आला. संग्रहालयासाठी प्राणी गोळा करणे हे त्याचे काम. हर्बर्ट नदीच्या परिसरात तो मूलनिवासींबरोबर राहिला. झाडावर राहणारा एक प्राणी आहे, त्याला बुंगारी म्हणतात, हे त्याला त्यांच्याकडूनच कळले. झाडावर चढून शिकार करणारे ते, माग काढणारे कुत्रे त्यांचे. मोबदला म्हणून बहुधा तंबाखू मिळे.

१८८४ साली नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट कोलेट यांनी या संग्रहातील प्राण्यांची शास्त्रीय नोंद केली. बुंगारी झाला 'लुमहोल्ट्झचा वृक्ष-कांगारू'. हिरवट अंगाच्या पोसमला नाव मिळाले आर्चर यांचे. लुमहोल्ट्झ ज्या गोऱ्या जमीनदार कुटुंबाकडे पाहुणा होता, त्यांचे. आणि झाडावर चढणाऱ्यांना काय मिळाले? १८८९ साली लुमहोल्ट्झचे पुस्तक इंग्रजीत आले, त्याचे नाव 'अमंग कॅनिबल्स', म्हणजे नरभक्षकांमध्ये. ज्यांच्या ज्ञानावर संग्रह उभा राहिला, त्यांच्या वाट्याला ही ओळख आली.

कोणी म्हणेल, प्राणी गोळा करणाऱ्याचे नाव प्राण्याला देण्याची विज्ञानात प्रथाच आहे. मान्य. मग विचारायला हवे की 'गोळा करणारा' कोणाला मानले गेले? झाडावर चढला त्याला, की खाली उभा राहून कातडे पेटीत भरले त्याला? श्रम एकाचे आणि श्रेय दुसऱ्याचे, ही विभागणी आम्हाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

हा प्रश्न नावापुरताही नाही. त्याच काळात सशस्त्र 'नेटिव्ह पोलीस' मूलनिवासींच्या कत्तली करत होते आणि जंगल तोडून शेती व दुग्धव्यवसायासाठी जमीन मोकळी होत होती. १८९७ साली क्वीन्सलंड सरकारने 'संरक्षणा'चा कायदा केला. त्याने सरकारी 'संरक्षकां'ना मूलनिवासींना उचलून राखीव वसाहतीत नेऊन ठेवण्याचा अधिकार दिला. वर्षावनातील अनेकांना पुढे पाम बेटावर पाठवले गेले. ब्रिटिश सत्तेने आपल्याकडे १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आणला, तोही अख्ख्या समूहांना जन्मावरून गुन्हेगार ठरवून हजेरीत बांधणारा. 'अस्पृश्य मूळचे कोण?' या १९४८ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य यांना एकत्र मांडले. असे समूह निर्माण करणाऱ्या संस्कृतीला संस्कृती कसे म्हणावे, हा त्यांचा सवाल होता. तो सवाल क्वीन्सलंडलाही तितकाच लागू पडतो.

१९८८ साली हे वर्षावन जागतिक वारसा ठरले, पण केवळ निसर्गमूल्यांसाठी. तिथल्या माणसांचा सांस्कृतिक वारसा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय यादीत आला तो २०१२ साली. मधली चोवीस वर्षे पोसमला वारशात जागा होती, पोसमला नाव देणाऱ्या माणसाला नव्हती. मूलनिवासी लढत राहिले. २०२१ साली याच पट्ट्यात उत्तरेला असलेल्या डेन्ट्री राष्ट्रीय उद्यानासह १,६०,००० हेक्टरांहून अधिक जमिनीची मालकी ईस्टर्न कुकू यालांजी लोकांना परत मिळाली. आज त्या समाजातील गाइड स्वतःच्या भूमीत पर्यटकांना फिरवतात आणि आपल्या भाषेतील नावे सांगतात. दान म्हणून नव्हे, हक्क म्हणून.

आपल्याकडेही आंबोलीसारख्या ठिकाणी पावसाळ्यात रात्रीच्या जंगलफेऱ्या निघतात. आमच्या तरुणांनी त्यात जरूर जावे. जंगल पाहणे ही कोणा एका वर्गाची मक्तेदारी नाही. पण जिथे जाल तिथे विचारा: फीतला वाटा गावातल्या माणसाला किती? शहरातून आलेला 'नॅचरलिस्ट' आणि जंगलात वाढलेला मात्र नुसता 'वाटाड्या', असे का? २००६ च्या वनहक्क कायद्याखाली इथल्या लोकांनी केलेल्या दाव्यांचे काय झाले? टॉर्चचा झोत फांदीवर पडतो तेव्हा प्राणी दिसतो. तो झोत थोडा खाली, वाट दाखवणाऱ्या माणसावरही पडला पाहिजे.

जय भीम!